गाडीचा कंप आणि त्याचें निदान

मोटारगाडी जुनी झाली म्हणजे ती थरथरूं लागावयाचीच, अशी समजूत चांगल्या सुशिक्षित घरांतूनहि रूढ झालेली आहे. वडिलांच्या काळची गाडी आवारांत आच्छादन घालून उभी असते. सणावारीं किंवा घरच्या कार्याच्या वेळीं तिला बाहेर काढावें, तर निघतांनाच तिचें सर्वांग हालतें, कांचा वाजूं लागतात, मागें बसलेल्या वृद्ध मंडळींच्या कमरेस हिसके बसतात, आणि मग घरांतील कोणी तरी निकाल देऊन मोकळा होतो कीं, "हिचें आतां वय झालें." वस्तुतः वय हें कोणत्याहि कंपाचें साक्षात् कारण नव्हे. वयोमानानें रबर कडक होतें, ग्रीस सुकतें, पोलाद झिजतें, हें खरें. पण थरथर उत्पन्न होते ती अमुक एका रबरामुळें, अमुक एका सांध्यामुळें, अमुक एका तबकडीमुळें. तें स्थान न शोधतां वयावर बोट ठेवणें म्हणजे ज्वराच्या रोग्यास "आपणांस ताप आलेला आहे" असें सांगून वैद्यानें घरचा रस्ता धरण्यासारखें आहे.

आयुर्वेदांत रोगाच्या ज्ञानाचीं पांच साधनें सांगितलेलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. रोगाचें कारण तें निदान. रोग पूर्ण प्रकट होण्यापूर्वींचीं चिन्हें तें पूर्वरूप. प्रकट झालेलीं लक्षणें तें रूप. आणि आंतल्या आंत दोष कसा कसा वाढत गेला त्याचा क्रम ती संप्राप्ति. राहिला उपशय. कोणत्या आहारानें, औषधानें किंवा वागणुकीनें रोग्यास बरें वाटतें आणि कशानें त्रास वाढतो, हें करून पाहणें म्हणजे उपशय-अनुपशयाची परीक्षा. ज्या रोगाचीं लक्षणें गूढ असतात तेथें हीच परीक्षा कामीं येते. मोटारीच्या प्रकरणीं चरक-माधवांचीं नांवें घेतलेलीं पाहून कांहीं वाचकांस हंसूं येईल. पण पुढील हकीकत वाचल्यावर त्यांपैकीं निदान कांहींजण तरी हें साम्य मान्य करतील, अशी मला आशा आहे.

जिच्याविषयीं लिहावयाचें ती गाडी १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत ही जात तयार होत असे, आणि हिचीच पुढें 'पद्मिनी' झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळें ती महाराष्ट्रांतील लहानथोरांच्या परिचयाची आहे; त्या टॅक्सींपैकीं शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरांत वयोमर्यादा भरल्यामुळें रस्त्यावरून निवृत्त झाली. इंग्लंडांतील शौकीन मंडळी 'व्हिंटेज' हा शब्द १९१९ ते १९३० या काळांतील गाड्यांपुरताच राखून ठेवतात. आपल्याकडे मात्र केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांप्रमाणें, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली, धंद्यासाठीं नसलेली आणि मूळ स्वरूपांत राखलेली मोटार व्हिंटेज म्हणून नोंदतां येते. 'मूळ स्वरूपांत' हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. या हकीकतींत त्यांना महत्त्व आहे.

ही गाडी आमच्या पेठेंतील एका एकत्र कुटुंबाची. तीन भाऊ, त्यांच्या बायकामुलें आणि ऐंशी ओलांडलेल्या मातोश्री असें भरलेलें घर. गाडी कैलासवासी वडिलांनीं घेतलेली. गेल्या दोन वर्षांत ती निघतांना इतकी थरथरूं लागली कीं, मातोश्रींनीं तींत बसणेंच सोडलें. एका कारखान्यांत नेली, तेथें पाहतांक्षणींच "क्लच प्लेट गेली" असें सांगण्यांत आलें. प्लेट बदलली. आठ दिवस बरें वाटलें, नवव्या दिवशीं थरथर पुनः हजर. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवून प्रेशर प्लेटहि बदलली, फळ तेंच. तेव्हां मग घरांत दोन पक्ष पडले. वडील बंधूंचें म्हणणें, गाडी भंगारांत द्यावी आणि कटकट मिटवावी. धाकट्या बंधूंचें म्हणणें, कारखानदार म्हणतो त्याप्रमाणें दुसऱ्या गाडीचें डीझेल एंजिन गिअरबॉक्ससह हिच्यांत बसवावें. मातोश्री कांहीं बोलत नसत. पहिल्या उपायानें गाडी जाणार होती हें उघडच आहे. दुसऱ्यानेंहि ती जाणारच होती, कारण एंजिन बदलल्यावर 'मूळ स्वरूप' उरत नाहीं, आणि व्हिंटेज म्हणून नोंद होण्याचा मार्गच बंद होतो. आठ-पंधरा दिवसांत निर्णय व्हावयाचा होता.

अशा प्रसंगीं निवृत्त मास्तरांचा सल्ला घेण्याची पद्धत अद्याप कांहीं घरांतून टिकून आहे. मीं यंत्रशास्त्राचा अभ्यास केलेला नाहीं. जन्मभर संस्कृत आणि अंकगणित शिकविलें. परंतु पाना हातीं घेण्यापूर्वीं जें काम करावयाचें असतें, त्याला पान्याची गरजच नसते. मीं एक चाळीस पानी वही मागविली आणि घरांतील प्रत्येकास स्वतंत्रपणें, एकमेकांचें न ऐकतां, चार प्रश्न विचारले. थरथर केव्हां सुरू होते? केव्हां थांबते? कशानें वाढते? आणि तुमच्या शरीरास ती कोठें लागते?

गाडींत बसलेलीं माणसें हीं निरनिराळ्या जागीं ठेवलेलीं मापनयंत्रेंच असतात, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. सुकाणूचक्र ज्याच्या हातीं, त्यास पुढील चाकांचें दुखणें आधीं समजतें. मागील बैठकीवरच्यास शाफ्टाचें व मागील आंसाचें. वडील बंधूंनीं सांगितलें, "सुकाणू अगदीं स्थिर असतें." मातोश्री म्हणाल्या, "मास्तर, घोड्यावर बसल्यासारखें होतें, आणि तें पाठींतून नाहीं, खालून येतें." मधल्या भावाचा बारा वर्षांचा मुलगा मागें मधोमध बसतो; त्यानें सांगितलें कीं, पायांमधील उंचवट्यावर पाय ठेवला तर पाय नाचतो. हा उंचवटा ज्याच्यासाठीं असतो तो प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागील आंसाकडे शक्ति नेणारा लांब दांडा, नेमका त्याच्या खालूनच जातो! त्याच मुलानें आणखी एक गोष्ट सांगितली: ताशीं पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर जमिनींतून एक घुमणारा आवाज येतो, आणि तो "पूर्वीं नव्हता, दुसऱ्यांदा दुरुस्ती झाल्यावर आला." घरांतील वडील माणसांपैकीं एकानेंहि या आवाजाचा उल्लेख केला नव्हता.

परंतु सर्वांत मोलाची साक्ष धाकट्या सूनबाईंची ठरली. घरांत गाडी सफाईनें चालविणाऱ्या त्याच. त्यांनीं सांगितलें कीं, क्लचवरून पाय पूर्ण उचलल्यानंतरहि थरथर चालूच राहते. वेग वीस-पंचवीसावर गेला म्हणजे मग थांबते. मागें कोणी नसलें तर ती जवळ जवळ नसतेच.

या साक्षीचें महत्त्व कळण्यासाठीं एंजिनाची शक्ति चाकांपर्यंत कशी जाते तें थोडें पाहिलें पाहिजे. एंजिनाच्या मागें जड फ्लायव्हील फिरत असतें. क्लचची तबकडी त्याला चिकटली म्हणजे फिरणें गिअरबॉक्सांत जातें, तेथून प्रोपेलर शाफ्टावाटे मागील आंसावरच्या डिफरन्शिअलमध्यें आणि तेथून दोन्ही चाकांस. क्लच घसरत घसरत पकडतो तेवढ्या क्षणापुरताच तो 'क्लच' या नात्यानें कार्य करीत असतो. पाय पूर्ण उचलला कीं तबकडी व फ्लायव्हील जणूं एकच होतात; त्यानंतर क्लच थरथर उत्पन्न करील तरी कसा? म्हणून निघतांना येणाऱ्या थरथरीची पहिली परीक्षा हीच: पाय उचलतांच ती थांबली, तर संशय क्लचवर किंवा एंजिनाच्या रबरी माउंटिंगवर घ्यावा, पाय उचलल्यावरहि राहिली, तर दोष क्लचच्या मागें आहे. या परीक्षेस एक पैसा पडत नाहीं. ती न करितां त्या कुटुंबानें दोनदां गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी भरली होती.

मग पहिल्या दुरुस्तीनंतर आठ दिवस बरें कां वाटलें? वहींत त्याचेंहि उत्तर मिळालें. त्या आठवड्यांत धाकटे बंधु एकटेच गाडी कचेरींत नेत-आणीत होते. मागें भार नव्हता, म्हणून थरथर नव्हती. नवव्या दिवशीं रविवार होता आणि मंडळी बसलीं. नव्या प्लेटीचा आणि सुधारणेचा संबंध कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास जितका, तितकाच होता.

आतां उपशय. सकाळीं रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर आम्हीं चार प्रयोग केले. एकट्या सूनबाईंनीं गाडी हळूं काढली: थरथर नाममात्र. मागें तिघांस बसवून तसेंच केलें: थरथर पूर्ण. मग पहिल्या गिअरमध्यें, क्लचवरून पाय काढून, माणसाच्या जलद चालीच्या वेगानें गाडी चालूं ठेविली आणि एकदम ॲक्सलरेटर दाबावयास सांगितलें: क्लचला स्पर्शहि नसतां थरथर हजर. शेवटीं त्याच वेगांत गाडी न्यूट्रलमध्यें नुसती घरंगळूं दिली: थरथर नाहीं. नैयायिक ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो हा: जेथें भार आणि जोर तेथें कंप, जोर काढला कीं कंप नाहीं. चाकें तर दोन्ही वेळां सारखींच फिरत होतीं. तेव्हां चाकें निर्दोष, क्लच निर्दोष. मध्यें उरला तो शाफ्ट आणि त्याचे आधार.

संप्राप्ति समजावयास थोडी भूमिति लागते. मागील आंस रस्त्याप्रमाणें वरखालीं होतो, गिअरबॉक्स जागचा हालत नाहीं. म्हणून दोहोंमधील शाफ्टास वांकतां येईल असे सांधे द्यावे लागतात. या सांध्यास सोळाव्या शतकांतील इटालियन गणिती कार्दानो याचें नांव जोडलेलें आहे, आणि इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें १६७६ सालीं त्याचें वर्णन छापलें. मिस्त्री लोक त्यांतील फुलीच्या आकाराच्या तुकड्यावरून त्यास नुसतें 'क्रॉस' म्हणतात. या सांध्यांत एक स्वाभाविक वांकडेपणा आहे. दोन दांडे एका रेषेंत नसून कोन करीत असतील, तर पहिला एकसारख्या गतीनें फिरला तरी दुसरा एका फेऱ्यांत दोनदां किंचित् पुढें जातो आणि दोनदां किंचित् मागें पडतो. कोन दहा अंशांचा असेल तर ही चढउतार दोहों बाजूंस शेंकडा दीडच्या सुमारास येते. शिवाय जोर लावला असतां सांध्यावर एक आडवा हिसका बसतो, तोहि फेऱ्यास दोनदां. जोर जितका अधिक आणि कोन जितका मोठा, तितका हिसका मोठा. पहिल्या गिअरांत शाफ्टावर सर्वांत अधिक जोर असतो, आणि मागें तिघे बसले कीं कमानीचे पाटे दबून कोन बदलतो. फियाटचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मधोमध एका बेअरिंगवर तोललेला असतो, आणि तें 'सेंटर बेअरिंग' रबराच्या कड्यांत बसविलेलें असतें. हे हिसके गिळून टाकणें हेंच त्या रबराचें काम. रबर फाटलें म्हणजे बेअरिंग गाडीच्या तळाशीं उड्या मारूं लागतें, आणि मातोश्रींस घोड्यावर बसल्यासारखें होतें.

आमचें अनुमान येथवर आलें. पुढील काम हाताचें होतें. मुंबईस पुष्कळ वर्षें टॅक्सी दुरुस्त केलेले एक वृद्ध मिस्त्री आतां इकडेच राहावयास आले आहेत. त्यांनीं वही वाचून घेतली, कांहीं बोलले नाहींत, आणि पुढील चाकांस दगड लावून मागील भाग उचलला. येथें एक सूचना करणें अवश्य आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि, क्षणभरहि, जाऊं नये. भक्कम लोखंडी स्टँड दोन्ही बाजूंस लावून, गाडी हालवून पाहून, मगच खालीं शिरावें. घरांतील उत्साही मुलांस हें दोनदां सांगावें.

मिस्त्रींनीं शाफ्ट मधोमध धरून वरखालीं ढकलला. तो अंगठाभर हालला. सेंटर बेअरिंगचें रबर खालच्या बाजूस पूर्ण फाटलें होतें. क्रॉसांच्या टोपणांभोंवतीं तांबूस भुकटी दिसली तर आंतील सुया कोरड्या पडून गंजल्या असें समजावें. येथें तशी नव्हती. पण मग त्यांनीं बॅटरी घेऊन मागील शाफ्टाकडे पाहिलें आणि हंसले. "मास्तर, पोरानें सांगितलेली घुमघुम ही बघा."

ती घुमघुम आम्हीं आधींच थोडी पारखली होती. चवथ्या गिअरांत पंचावन्नावर ती येई. त्याच वेगावर तिसऱ्या गिअरांत, म्हणजे एंजिन अधिक जलद फिरत असतांहि, ती तशीच येई. आणि न्यूट्रलमध्यें घरंगळतांनाहि येई. तेव्हां ती एंजिनाची नव्हती आणि जोराशींहि तिचा संबंध नव्हता; केवळ गाडीच्या वेगाशीं होता. मग चाकाची कीं शाफ्टाची? हें ठरविण्यास त्रैराशिक पुरतें. या गाडीचें चाक एका फेऱ्यांत सुमारें १.८५ मीटर जातें. ताशीं ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदास १५ मीटर; अर्थात् चाकाचे फेरे सेकंदास सुमारें ८. शाफ्ट चाकाच्या चौपटीहून थोडा अधिक फिरतो, म्हणजे सुमारें ३५ फेरे. सेकंदास आठ धक्के हे वेगवेगळे जाणवतात, ती घुमघुम नव्हे, ते गचके. पस्तीस किंवा त्याच्या दुप्पट सत्तर हे मात्र कानास अखंड गुंजन म्हणूनच ऐकूं येतात. मुलगा 'घुमणें' हा शब्द वापरीत होता, आणि तो शब्द अगदीं अचूक होता.

शाफ्टाच्या दोन्ही टोकांचे सांधे एकाच रोखानें बसविलेले असले पाहिजेत; म्हणजे एका सांध्यानें केलेली गतीची चढउतार दुसरा भरून काढतो. या शाफ्टाचे दोन तुकडे दांत्यांच्या खांचेंत एकमेकांत सरकतात. एखादा दांता इकडचा तिकडे बसला, तर दोन सांध्यांचा रोख चुकतो, आणि एकाची चढउतार दुसऱ्यानें भरून निघण्याऐवजीं कांहीं अंशीं उरते. क्लच बदलण्यासाठीं गिअरबॉक्स उतरवितांना शाफ्ट काढावाच लागतो. दुसऱ्या दुरुस्तींत तो खूण न करतां काढला आणि एक दांता चुकवून बसविला. म्हणजे मूळ रोग अंगांत राहूं देऊन चिकित्सेनेंच दुसरा रोग उत्पन्न केला! त्या कारखान्याचें नांव देण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु शाफ्ट सोडण्यापूर्वीं दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी, एवढा आग्रह प्रत्येक मालकानें धरावा. रंगाचा एक थेंब आणि अर्धा मिनिट एवढाच त्याचा खर्च.

प्रत्येक थरथर शाफ्टाचीच असते, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. ज्या गाड्यांत शाफ्ट एका नळींत बंद असतो, उदाहरणार्थ १९२८ ते १९३१ च्या फोर्ड 'ए', त्यांत मधलें बेअरिंग असें नसतेंच. तेथें निघतांना थरथर असली तर क्लच आणि एंजिनाचे आधार हेच प्रथम पाहावे. क्लचच्या अस्तरावर तेल उतरलें असेल तर जळका वास येतो, चढावर क्लच घसरतो आणि थरथर पाय उचलतांच बंद होते. मागील कमानींचे यू-बोल्ट ढिले झाले तर निघतांना आंसच पीळ खाऊन उसळतो. आवाज ठोक्यासारखा असतो. महिनोन्महिने एका जागीं उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर तळाशीं चपटतात आणि पहिलीं चार-पांच मैल गाडी गचके खाते. टायर तापले कीं तें आपोआप नाहींसें होतें, आणि उगाच सुटे भाग आणणारा मनुष्य त्याचें श्रेय आपल्या खरेदीस देतो. केवळ ब्रेक लावतांनाच येणारी थरथर ब्रेकच्या ड्रमची. तिचा या विषयाशीं संबंध नाहीं.

शाफ्ट हालतो आहे हें ठाऊक असूनहि "चालतें आहे तोंवर चालवूं" म्हणणारे लोक आहेत, त्यांच्याविषयीं मात्र मला कठोर शब्द वापरावेसे वाटतात. चालत्या गाडींत शाफ्टाचें पुढील टोक निसटून रस्त्यावर आपटलें, तर तें जमिनींत रुतून गाडीस मागून उचलूं शकतें. मागील बैठकीवर लहान मुलें आणि म्हातारीं माणसें बसतात, आणि शाफ्ट त्यांच्याच पायांखालून जातो.

मुंबईच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांतून रबरासह सेंटर बेअरिंग चौथ्या दिवशीं आलें. आधीं बदललेल्या क्लचच्या खर्चाच्या चौथाईहि त्याला पडले नाहींत. मिस्त्रींनीं शाफ्टाचे रोख जुळविले, क्रॉसांस ग्रीस दिलें आणि मुलाच्या हातून पांढरी रेघ ओढवून घेतली. मागें तिघांस बसवून गाडी काढली, ती मुकाट्यानें निघाली. पंचावन्नावर मुलानें उंचवट्यावर तळवा टेकून पाहिला आणि कांहीं नाहीं असें सांगितलें. डीझेल एंजिनाची बोलणी बंद झाली, भंगाराचीहि. व्हिंटेज म्हणून नोंद करावी किंवा नाहीं, यावर मात्र घरांत नवा वाद सुरू आहे, कारण तशी नोंद झालेली गाडी नित्याच्या वापरास घेतां येत नाहीं. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणें, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणण्याची मुभा आहे. मातोश्रींचें म्हणणें, गाडी बसण्यासाठीं आहे. त्या गेल्या आठवड्यांत दोनदां तींतून बाहेर गेल्या. उलट्या गिअरांत, चढावर, भरल्या गाडीस अद्याप एक बारीक ठोका येतो. तो सूनबाईंनीं वहींत तारखेसह नोंदविला आहे, आणि येत्या रविवारीं मिस्त्री कमानीचे यू-बोल्ट पाहणार आहेत.